नकाशा टेबलावरच असतो, पण खेळाडूंना दिसत नाही. डी अँड डीमधली ‘फॉग ऑफ वॉर’ची भानगड काय आहे?

सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळलेली पिढी अजून फार म्हातारी झालेली नाही. गेम सुरू झाला की स्क्रीनवर आपलं टाऊन सेंटर, दोन-तीन गावकरी आणि बाकी सगळा काळाकुट्ट अंधार. मग एखादा माणूस पुढे पाठवायचा. तो जिथून जाईल तिथला भाग उजळत जायचा. कुठे सोनं दिसायचं, कुठे हरणं, तर कुठे थेट शत्रूची भिंत.

गेमिंगच्या भाषेत या अंधाराला म्हणतात ‘फॉग ऑफ वॉर’. मराठीत सांगायचं तर युद्धातलं धुकं.

व्हिडिओ गेममध्ये हे धुकं कम्प्युटर सांभाळतो. पण समजा चार-पाच मित्र टेबलाभोवती बसलेत. समोर कागद, पेन्सिल, फासे आणि एक छापील नकाशा. आता हा नकाशा अर्धा दाखवायचा आणि अर्धा लपवायचा, तर ते कसं करायचं? कोणी करायचं? आणि एवढा खटाटोप करायचा तरी कशाला?

हेच आज सविस्तर बघू.

आधी खेळ समजून घेऊ

‘स्ट्रेंजर थिंग्ज’ पाहिली असेल तर पहिलाच एपिसोड आठवा. १९८३ साल, घराचं तळघर, टेबलाभोवती चार पोरं. माइक गोष्ट सांगतोय, बाकीचे तिघं श्वास रोखून ऐकतायत. मग माइक टेबलावर एक छोटी मूर्ती आपटतो, डेमोगॉर्गन! पोरांची दाणादाण उडते.

ते जे खेळत होते तो खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, लाडाचं नाव डी अँड डी. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो १९७४ मध्ये बाजारात आणला. अशा खेळांना टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात.

खेळायची पद्धत साधी आहे. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण मात्र पात्र घेत नाही. तो असतो डंजन मास्टर, म्हणजे डीएम. (इन्स्टावरचा डीएम वेगळा.) जग कसं आहे, समोर काय दिसतंय, दार उघडल्यावर काय होतं, हे सगळं डीएम सांगतो. खेळाडू सांगतात की आमचं पात्र अमुक करतं. जमेल की नाही याची शंका असेल तर वीस बाजूंचा फासा टाकायचा.

म्हणजे टेबलावर एका माणसाला सगळं माहीत असतं आणि बाकीच्यांना फक्त त्यांच्या पात्रांना दिसतं तेवढंच. नकाशाचा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पण लपवायचं कशाला?

एक उदाहरण घेऊ. चार जणांची टीम एका पडक्या किल्ल्याखालच्या तळघरात उतरली आहे. समोर दोन वाटा. डावीकडून पाण्याचा आवाज येतोय. उजवीकडच्या भिंतीवर काजळी आहे, म्हणजे तिथे कोणीतरी मशाली लावत असणार.

नकाशा झाकलेला असेल तर इथे चर्चा सुरू होते. काजळी ताजी आहे का? पाण्याच्या वाटेने गेलो तर मशाल विझेल का? दोरी किती आहे? एक जण म्हणतो डावीकडे, दुसरा म्हणतो उजवीकडे. शेवटी अंदाज बांधून, थोडा धोका पत्करून निर्णय होतो.

आता तोच नकाशा पूर्ण उघडा ठेवा. डावीकडची वाट वीस पावलांवर बंद होते हे सगळ्यांना दिसतं. उजवीकडे मोठी गोल खोली आहे आणि तिच्या मधोमध एक चौथरा काढलाय, हेही दिसतं. चर्चा संपली. काजळी आणि पाण्याचा आवाज यांना काही अर्थच उरला नाही.

आणि समजा दोन खोल्यांच्या मध्ये नकाशावर विनाकारण मोकळी जागा सोडलेली आहे. हुशार खेळाडू लगेच म्हणणार, “मी ही भिंत तपासतो.” त्याच्या पात्राला भिंतीचा संशय यायचं काहीच कारण नव्हतं, संशय खेळाडूला आला. पात्राला माहीत नसलेली गोष्ट खेळाडूने वापरणं याला ‘मेटागेमिंग’ म्हणतात.

यात दरवेळी खेळाडूची लबाडी असते असं नाही. एकदा पाहिलेली गोष्ट ‘मी पाहिलीच नाही’ असं धरून निर्णय घेणं प्रामाणिक माणसालाही जड जातं. म्हणून ती आधी न दाखवणंच सोपं.

आपल्याकडे म्हणतात ना, झाकली मूठ सव्वा लाखाची. नकाशाचंही तसंच आहे. फक्त इथे मूठ कधीतरी उघडायची असते, आणि ती कधी, किती उघडायची हे डीएमला ठरवावं लागतं.

ही कल्पना थेट प्रशियाच्या सैन्यातून आली

आता थोडं मागे, जवळपास दोनशे वर्षं मागे जाऊ.

आजच्या जर्मनीच्या भागात तेव्हा प्रशिया नावाचं राज्य होतं. तिथल्या सैन्यातल्या गेऑर्ग फॉन राइसवित्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’ नावाच्या खेळाचे नियम प्रसिद्ध केले. क्रीगश्पील म्हणजे युद्धाचा खेळ. मूळ कल्पना त्याच्या वडिलांची होती, मुलाने ती पक्की केली. १:८००० प्रमाणातला खराखुरा नकाशा, त्यावर लाल आणि निळ्या तुकड्या आणि निकालासाठी फासे.

यात बुद्धिबळापेक्षा मोठा फरक होता. बुद्धिबळात समोरच्याचा प्रत्येक मोहरा आपल्याला दिसतो. खऱ्या लढाईत टेकडीपलीकडे कोण आहे हे दिसत नाही. म्हणून या खेळात दोन्ही बाजूंच्या मध्ये एक पंच असायचा. खेळाडू आपले हुकूम पंचाला द्यायचे. कोणाची तुकडी कुठे आहे हे फक्त पंचाला ठाऊक असायचं, आणि शत्रूच्या नजरेत येईल तीच तुकडी तो नकाशावर ठेवायचा.

राइसवित्झच्या नियमांत या पंचासाठी जो जर्मन शब्द होता, त्याचा अर्थ होतो ‘विश्वासातला माणूस’. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

प्रशियाच्या सेनापतींना हा खेळ आवडला आणि तो सैन्याच्या प्रशिक्षणात आला. त्याच काळातला प्रशियाचा आणखी एक अधिकारी म्हणजे कार्ल फॉन क्लाउझेवित्झ. त्याचं युद्धशास्त्रावरचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८३२ मध्ये आलं. युद्धातल्या अनिश्चिततेला त्यात त्याने धुक्याची उपमा दिली. ‘फॉग ऑफ वॉर’ हा शब्दप्रयोग रूढ झाला तो नंतर, पण धुकं त्याचंच.

सैन्यातून तळघरात

मग हा खेळ अमेरिकेत कसा पोहोचला?

चार्ल्स टॉटन नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने १८८० मध्ये ‘स्ट्रॅटेगोस’ नावाचं युद्धखेळाचं पुस्तक लिहिलं. जवळपास नव्वद वर्षांनी मिनेसोटातल्या डेव्हिड वेसली या तरुणाच्या हातात ते पडलं. सगळं जाणणारा आणि खेळाडू म्हणेल त्यावर निकाल देणारा पंच, ही त्यातली कल्पना त्याला भावली. १९६९ च्या सुमारास त्याने ‘ब्राऊनस्टाइन’ नावाच्या काल्पनिक जर्मन गावावर एक खेळ बसवला. त्यात प्रत्येक खेळाडूला वेगळी भूमिका आणि वेगळा छुपा हेतू दिलेला होता.

त्या खेळाडूंमध्ये डेव्ह आर्नेसन होता. त्याने पुढे ‘ब्लॅकमूर’ नावाचं जग उभं केलं आणि खेळाडूंना ब्लॅकमूरच्या किल्ल्याखालच्या भुयारांत उतरवलं. भुयारांचे नकाशे त्याच्याकडे, खेळाडूंना मात्र फक्त त्याचा आवाज. त्याने हा खेळ गॅरी गायगॅक्सला दाखवला आणि १९७४ मध्ये डी अँड डीच्या पहिल्या एक हजार प्रती छापल्या गेल्या.

थोडक्यात, टेकडीमागची तुकडी लपवणारा प्रशियाचा पंच अमेरिकेत येऊन दारामागचा राक्षस लपवायला लागला.

कागदी जमान्यातल्या युक्त्या

सुरुवातीच्या डी अँड डीमध्ये लपवण्याची पद्धत एकदम साधी होती. नकाशा दाखवायचाच नाही.

डीएम आलेख कागदावर नकाशा काढायचा आणि स्वतःजवळ ठेवायचा. एक चौकोन म्हणजे साधारण दहा फूट. मग तो तोंडी सांगायचा, “बोळ उत्तरेकडे तीस फूट जातो, मग पूर्वेला वळतो.” खेळाडूंपैकी एक जण ते ऐकून आपल्या कागदावर नकाशा उतरवायचा. त्याला ‘मॅपर’ म्हणत. ऐकण्यात चूक झाली तर नकाशा चुकला, आणि नकाशा चुकला तर परतीची वाट चुकली. मॅपरला गोंधळात पाडायला डीएमकडे खास हत्यारंही असायची. उदाहरणार्थ, इतका हलका उतार असलेला बोळ की टीम खालच्या मजल्यावर पोहोचली तरी तिला पत्ता लागू नये.

पुढे कंपन्यांनी यात उडी घेतली. १९७६ मध्ये सुरू झालेल्या ‘जजेस गिल्ड’ने एकाच प्रदेशाचे दोन नकाशे देण्याची पद्धत आणली. डीएमच्या नकाशात सगळं, खेळाडूंच्या नकाशात फक्त जुजबी खुणा. डीएमपुढे उभा करायचा पुठ्ठ्याचा आडपडदाही त्यांनी विकायला काढला. आज तो ‘डीएम स्क्रीन’ म्हणून ओळखला जातो.

डी अँड डीची मूळ कंपनी टीएसआर तयार साहसकथांच्या पुस्तिका विकायची. त्यांचं कव्हर सुटं असायचं आणि आतल्या बाजूला फिकट निळ्या शाईत नकाशा छापलेला असायचा. कव्हर उभं केलं की नकाशा डीएमच्या बाजूला, चित्र खेळाडूंच्या बाजूला. आणि फिकट निळा रंग तेव्हाच्या फोटोकॉपी मशीनला धड टिपता येत नसल्यामुळे नकाशाची झेरॉक्स काढणंही अवघड.

टेबलावर मोठा नकाशा पसरून त्यावर छोट्या मूर्ती हलवायच्या असतील, तर आणखी काही जुगाड आजही चालतात:

- कागद झाकणं. प्रत्येक खोलीवर काळ्या कागदाचा तुकडा ठेवायचा, दार उघडलं की उचलायचा. स्वस्त आणि मस्त. फक्त पंख्याची हवा लागली की सगळी गुपितं उडतात, त्यामुळे स्टिकी नोट्स बऱ्या.
- तुकडे करणं. नकाशाची प्रिंट खोल्यांप्रमाणे कापायची आणि एकेक तुकडा जोडत जायचा. यात एकूण नकाशा केवढा आहे हेसुद्धा खेळाडूंना कळत नाही.
- तिथल्या तिथे काढणं. पुसता येणाऱ्या चौकटींच्या शीटवर मार्करने खोली काढायची. यात काही लपवावं लागत नाही, कारण पुढची खोली अजून काढलेलीच नसते.
- आडवा टीव्ही. टीव्ही टेबलावर झोपवून वर पारदर्शक शीट टाकायची. लॅपटॉपवर डीएमला पूर्ण नकाशा, टीव्हीवर खेळाडूंना उघडलेला भाग.

मग ऑनलाइन टेबल आलं

मित्र वेगवेगळ्या शहरांत असले तर काय? त्यासाठी ‘व्हर्च्युअल टेबलटॉप’ नावाची सॉफ्टवेअर आली. ‘फँटसी ग्राउंड्स’ २००४ मध्ये, ‘रोल२०’ २०१२ मध्ये, ‘फाउंड्री’ २०२० मध्ये. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये एकत्र बसणंच बंद झालं, तेव्हा अनेक टेबलं या स्क्रीनवर आली.

इथे नकाशा लपवण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत.

पहिली हाताने. सगळा नकाशा काळा. टीम खोलीत शिरली की डीएम माउसने चौकोन ओढतो आणि तेवढा भाग उघडतो. काळ्या कागदाचीच डिजिटल आवृत्ती.

दुसरी आपोआप चालणारी, तिला ‘डायनॅमिक लायटिंग’ म्हणतात. यात डीएम खेळाआधी नकाशावरच्या प्रत्येक भिंतीवर एक अदृश्य रेघ मारून ठेवतो. प्रत्येक पात्राच्या खुणेला किती अंतरावरचं दिसतं हे भरतो. मग कम्प्युटर त्या पात्रापासून चहूबाजूंना सरळ रेषा सोडतो. रेषा भिंतीला अडली की पलीकडचं अंधारात. दार उघडलं की ती रेघ हटते आणि आतला भाग उजळतो. खिडकीच्या रेघेतून नजर जाते, माणूस जात नाही.

यातून खेळाचे नियम थेट डोळ्यांना दिसायला लागतात. डी अँड डीच्या २०१४ च्या आवृत्तीत मशालीचा लख्ख उजेड २० फुटांपर्यंत आणि अंधूक उजेड त्यापुढे आणखी २० फूट पडतो. एक चौकोन ५ फुटांचा धरला तर चार चौकोन स्वच्छ, पुढचे चार धूसर. एल्फ आणि बुटक्या ड्वॉर्फ लोकांना मात्र मशालीशिवाय अंधारात ६० फूट, म्हणजे बारा चौकोन दिसतं. त्यामुळे एकाच वेळी ड्वॉर्फच्या स्क्रीनवर दबा धरून बसलेला शत्रू दिसतोय आणि शेजारच्या माणसाच्या स्क्रीनवर नुसता काळोख, असं होऊ शकतं. मग ड्वॉर्फने ते बोलून सांगायला हवं.

शिवाय पाहून झालेला भाग पुन्हा पूर्ण काळा होत नाही, तो करडा होतो. भिंती आठवतात, पण आत्ता तिथे कोण आहे ते दिसत नाही. मघाशी रिकामी सोडून आलेली खोली अजून रिकामीच आहे का, याची खात्री नाही.

सगळं आपोआप झालं, मग अडचण काय?

अडचणी आहेत.

एक म्हणजे तयारी. प्रत्येक भिंतीवर रेघ मारायला वेळ लागतो, आणि एक रेघ राहिली की त्या फटीतून सगळा खजिना दिसतो.

दुसरी म्हणजे ऐकणं कमी होतं. डीएम खोलीचं वर्णन करत असतो आणि खेळाडू आपली खुण पुढे सरकवून अंधार पुसत बसतात. मॅपरचं काम तर गेलंच. अनेक जुन्या खेळाडूंना म्हणूनच नकाशाशिवाय, नुसत्या वर्णनावर खेळायला आवडतं.

तिसरी अडचण जास्त खोल आहे, आणि ती कागदाच्या काळापासूनची आहे.

मघाचं तळघर आठवा. डावी वाट की उजवी वाट? टीमने वीस मिनिटं डोकं लढवून उजवी निवडली. पुढे नरभक्षक ओग्र भेटला. पण समजा डीएमने आधीच ठरवलं होतं की ओग्रशी लढाई व्हायलाच हवी, आणि टीम डावीकडे गेली असती तर त्याने ओग्र डावीकडे ठेवला असता. नकाशा झाकलेला आहे. कोणाला कळणार?

डी अँड डीवाल्यांमध्ये याला ‘क्वांटम ओग्र’ म्हणतात. खेळाडू दार उघडेपर्यंत तो कुठेच नसतो आणि सगळीकडे असतो.

यावर दोन तट आहेत. एक बाजू म्हणते, खेळाडूंना मजा आली ना, मग ओग्र कुठून आला याच्याशी काय करायचंय? डीएमने तासन् तास घालवून तयार केलेला प्रसंग वाया का जाऊ द्यायचा? दुसरी बाजू म्हणते, मग त्या वीस मिनिटांच्या चर्चेला काय अर्थ होता? काजळी, पाण्याचा आवाज, दोरीचा हिशोब, यातल्या कशानेच काही बदलणार नसेल, तर खेळाडू खेळत नव्हते, नुसते ऐकत होते.

नकाशा उघडा असता तर हा प्रश्नच आला नसता. लपवण्याची ताकद मिळाली की बदलण्याचीही ताकद मिळते. म्हणून राइसवित्झच्या नियमातला तो शब्द महत्त्वाचा ठरतो, विश्वासातला माणूस. खेळाडूंनी स्क्रीनपलीकडे डोकावायचं नाही हा अर्धा करार झाला. उरलेला अर्धा डीएमचा: मी झाकून ठेवलेलं, तुम्ही निवड केल्यानंतर बदलणार नाही.

निदान एवढं पाळता येतं की जिथे खेळाडूंना खुणा देऊन निवड करायला लावली, तिथे त्या खुणा खऱ्या असाव्यात. काजळी दाखवली असेल तर त्या वाटेवर मशाली लावणारा कोणीतरी हवाच.

तुम्हाला डीएम व्हायचं असेल तर

पहिल्यांदा खेळवणार असाल तर या गोष्टी उपयोगी पडतील:

- सगळं लपवू नका. टीम जिथे उभी आहे तिथलं पूर्ण दाखवा. समोर खड्डा असेल आणि तो पात्राला दिसणारा असेल, तर तो सांगा. माहितीच नसेल तर निवड करता येत नाही, तो नुसता नाणेफेकीचा कौल होतो.
- शहराचा नकाशा उघडा ठेवला तरी चालतो. तिथे राहणाऱ्या पात्रांना बाजार आणि वेस माहीत असणारच. झाकायचं ते वाड्याखालचं भुयार.
- खेळाडूंची प्रत वेगळी करा. त्यावर ‘सापळा’, ‘गुप्त दार’ अशा नोंदी नकोत. फाइलचं नावही तपासा. ‘ड्रॅगनची गुहा’ नावाची फाइल शेअर केली की अंधार घालून उपयोग नाही.
- आधी बोला, मग उघडा. दोन वाक्यांत वास, आवाज, थंडी सांगा आणि मग कागद उचला. चित्र दिसल्यावर कोणी ऐकत नाही.
- छोट्यापासून सुरुवात करा. पाच खोल्या, पाच स्टिकी नोट्स. सॉफ्टवेअर नंतर शिकता येईल. ऑनलाइनच खेळायचं असेल तर ‘आउलबेअर रोडिओ’सारखं ब्राउझरमध्ये चालणारं साधं टेबल पुरे.
- आणि चुकून जास्तीचं दिसलंच, तर मान्य करा. गुपचूप नकाशा बदलण्यापेक्षा “हे तुम्ही पाहिलं नाही असं धरा” म्हटलेलं बरं. बहुतेक मित्र मान्य करतात.

पुढच्या वेळी सुट्टीत पाच जण जमले आणि पत्त्यांचा कंटाळा आला, तर एक करून बघा. आलेख कागदावर पाच खोल्यांचं तळघर काढा, कोणाला दाखवू नका, आणि म्हणा, “तुम्ही पायऱ्यांवर उभे आहात. खाली अंधार आहे. तुमच्याकडे एक मशाल आहे.”

मग गप्प बसा आणि ते काय विचारतात ते ऐका.